रस्ता चुकणारा मामा

।। श्री ।।
४ फेब्रुवारी

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. मिळालेल्या वस्तू: तुझं पत्र एक, पोरांची चित्रं दोन, मला लोकरीचे मोजे, भाऊला दाढीचं सामान, आणि बिस्किटांचं एक पुडकं, त्यातली निम्मी भुगा होऊन आली. तिकिटं कमी लावली होतीस, म्हणून पोस्टमनने दारात उभं राहून वरचे पैसे घेतले. तेवढ्यात आठवड्याचं दूध आलं असतं. हिशेबाच्या वहीत ते "ताईचं प्रेम" या नावाखाली मांडले आहेत. पुढच्या वेळी वजन करून घेत जा, प्रेम परवडलं पाहिजे.

भिंगरीच्या चित्रात मी आहे, हे तू लिहिलंस म्हणून कळलं. अंगात फुलाफुलांचे कपडे आणि मानेवर डोक्याच्या जागी टेलिफोन. भाऊ हसला. मी हसले नाही. पोर सहा वर्षांची झाली, मी तिला डोळ्यांनी पाहिलेलं नाही आणि तिने मला. ती दुसरं काय काढणार? आणि फोनवर तरी काय बोलतात? "हं" आणि "बरी आहे". तेवढ्यात तू ओरडतेस, "पैसे पडताहेत, आटपा." पैसे पडतात हे खरंच आहे.

म्हणून मी ठरवलं आहे. यापुढे प्रत्येक पत्रात घरातल्या माणसांच्या एक-दोन गोष्टी लिहीन. त्या तू झोपताना वाचून दाखवायच्या. मी लिहिते तशाच वाचायच्या, मध्ये समजावत बसायचं नाही. तुझे दादा, म्हणजे त्यांचे आजोबा, कसे होते आणि भाऊ, त्यांचा मामा, कसा आहे, हे पोरांना कळलं पाहिजे. नाहीतर मोठेपणी विचारतील, आमचं तिकडे कोण होतं?

दादांची गोष्ट वेगळ्या कागदावर लिहिली आहे, ती जपून ठेव. मामाची ही:

मामा सात वर्षांचा होता. त्याला दळण घेऊन गिरणीत धाडलं. आपला डबा पितळेचा. हा पत्र्याचा डबा घेऊन परत आला. "हा कुणाचा रे?" तर म्हणे, "आपलाच, उन्हाने रंग उडाला." परत धाडला. डबा आणला, झाकण विसरला. झाकणाला धाडला, झाकण आणलं, चपला तिथेच. चपलांना धाडला तो येईचना. जाऊन बघते तर गिरणीवाल्याच्या बाकावर हाताची घडी घालून बसलेला. म्हटलं, "घरी का येत नाहीस?" तर म्हणतो, "आलो तर काहीतरी विसरेन."

भाऊची कारखान्याची बस सध्या सकाळच्या पाळीला आहे. बाकी देवाच्या कृपेने ठीक. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी आई


२२ फेब्रुवारी

ती. आईस साष्टांग नमस्कार.

आई, पैसे पडले त्याबद्दल रागावू नकोस. इथल्या पोस्टातल्या बाईने तिकिटं मोजून दिली होती, मी तिच्यावर विश्वास ठेवला.

दादांची गोष्ट आधी वाचली. दादांनी सापडलेलं पाकीट परत केलं ती. आमच्या मास्तरने (नऊ वर्षांचा झाला, आता मलाही सुधारतो) विचारलं, "आजोबा कधीच चुकले नाहीत का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "बरं," आणि कुशीवर वळून झोपला.

मग मामाची. आई, दोघं अशी हसली की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी ठोकली. "आलो तर काहीतरी विसरेन" हे वाक्य मला चार वेळा म्हणायला लागलं. आता घरात कुणी काही विसरलं की भिंगरी म्हणते, "आज माझा मामा झाला." परवा ह्यांनी छत्री ऑफिसात ठेवली, तर दार उघडून तिने बापाला विचारलं, "चपला आहेत ना?"

गेल्या दोन वर्षांत पोरांनी तिकडच्या कुणाबद्दल आपणहून विचारलं नव्हतं. आता शाळेतून आल्यावर विचारतात, मामाचं पत्र आलं का? तेव्हा मामाच्याच पाठव, भरपूर पाठव. दादांच्या मी जपून ठेवते.

आता महत्त्वाचं. जुलैत पोरांना सुट्टी आहे, पण आम्हा दोघांनाही रजा मिळत नाही. आमच्या शेजारची परिचारिका त्याच सुमारास बंदराच्या शहरात तिच्या घरी जाते आहे. ती दोघांना विमानाने तिथवर सोबत करील. तिथून तुमच्याकडे रात्रभराची बस. भाऊ विमानतळावर येऊन पोरांना घेऊन जाईल का? महिनाभर तुझ्याजवळ राहतील. पुढच्या वर्षी मास्तर मोठ्या शाळेत जाणार, मग सुट्ट्या अशा जुळायच्या नाहीत. भाऊला विचारून लगेच लिही.

तुझी ताई


।। श्री ।।
१० मार्च

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, तिकिटं या खेपेला बरोबर होती. वाचून देवापुढे ठेवलं.

भाऊला विचारलं. तो म्हणाला, "विचारायचं काय त्यात?" दुसऱ्याच दिवशी रजेचा अर्ज देऊन आला. पाच वर्षांत त्याने सलग रजा घेतलेली नाही, साहेबांना आधी वाटलं याचं लग्न ठरलं. मागच्या खोलीतली खाट करकरते म्हणून ती खोलून बसला आहे. काल मला विचारत होता, भिंगरी केवढी आहे? म्हटलं, मला काय माहीत, चित्रात तिने स्वतःला माझ्या टेलिफोनाएवढं काढलं होतं. तर पट्टी घेऊन शेजारच्या सहा वर्षांच्या पोरीला मापून आला.

मी त्याच्या गोष्टी धाडते हे त्याला सांगितलेलं नाही. लाजेल उगाच. ही घे नवी:

मामा आठ वर्षांचा होता. त्याला मावशीकडे जायला बसमध्ये बसवून दिला, सोबतीला शेजारचे काका. काकांना बसल्याबसल्या झोप लागली. पुढच्या बाकावर एक बाई आणि तिची सहा पोरं. त्यांचा थांबा आला, बाई उतरली, पोरं रांगेने उतरली, आणि रांग दिसली की मामा रांगेत. त्यांच्या घरी गेला, सगळ्यांबरोबर हातपाय धुतले. पानं मांडली तर एक पान कमी. बाईने मांडणाऱ्या पोरीला धपाटा घातला, "सहा मोजता येत नाहीत?" पोर रडत म्हणाली, "सहाच मांडली, पोरंच सात आहेत." तेव्हा कुठे बाईने तोंडं पाहिली. "तू रे कोण?" मामा म्हणाला, "तुम्ही माझ्या मावशी ना?" "नाही." "मग मला वाढू नका," असं म्हणाला, आणि सगळ्यांत जास्त जेवला. चुकीच्या मावशीकडे रात्रभर राहिला. दुसऱ्या दिवशी तुझे दादा आणायला गेले, तर यायला तयार नव्हता.

तिकिटांचं नक्की झालं की कळव. अंथरुणं उन्हात घालायची आहेत.

तुझी आई


२८ मार्च

ती. आईस सा. न.

आई, घोटाळा झाला आहे. कसं लिहू कळत नाही, म्हणून झालं तसंच लिहिते.

मावशीची गोष्ट वाचली. मास्तर हसून लोळला. भिंगरी हसली नाही. तिने विचारलं, "मग त्याच्या खऱ्या मावशीने शोधलं नाही त्याला?" मी म्हटलं, शोधलं, झोप आता. दुसऱ्या दिवशी मी तिकिटांचं बोलले, तर ती म्हणाली, "मी नाही जाणार."

"का गं?"

"मामा मला हरवेल."

"असा कसा हरवेल? मोठा आहे तो आता."

"डबा हरवला. चपला हरवल्या. मग स्वतः हरवला."

आणि आमचे मास्तर शेजारून म्हणतात, "आणि हरवलाय हे त्याला कळलंसुद्धा नाही. ते जास्त वाईट आहे."

मी समजावलं, रागावले, खाऊच्या गोळ्या दिल्या. आठवडा झाला, उपयोग नाही. रात्री अंथरुणात विचारते, "तिथे उतरल्यावर मामा आम्हाला सोडून दुसऱ्याच पोरांना नेईल का?" काल तर शाळेत बाईंना सांगून आली की मला माझा मामा विसरणार आहे. आणि ह्यांनी इतके दिवस हसून झाल्यावर काल हळूच विचारलं, "खरंच पाठवायची का त्याच्याबरोबर?" मी ताट आपटलं. पण आई, मलाही झोप लागली नाही.

कृपा करून मामाची एखादी अशी गोष्ट धाड, ज्यात तो काही हरवत नाही. लवकर धाड. परिचारिकेला आमचं हो किंवा नाही सांगायचं आहे.

तुझी ताई


।। श्री ।।
१२ एप्रिल

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी माझ्या चष्म्याची काडी तुटून तो दुरुस्तीला गेला होता. भाऊ नुकताच कामावरून आला होता. त्याला म्हटलं, वाच रे मोठ्याने. त्याने वाचलं. तू लिहिलंस ते सगळं वाचलं. डबा हरवला, चपला हरवल्या, स्वतः हरवला. आवाज कुठे अडकला नाही. जावईबापूंचं वाक्यही वाचलं, खालची सही वाचली. घडी घातली, पत्र पाटावर ठेवलं आणि म्हणाला, "चष्मा संध्याकाळी मिळेल, आणतो." चहा न पिता गेला.

आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं? मध्येच "थांब" म्हणायला हवं होतं, पण मला पुढचं काय माहीत?

तुझ्या पोरांचा मला राग आला आहे, तो मी लपवत नाही. आपल्या घरात या गोष्टी तीस वर्षं चालल्या आहेत. तूही हसलीस, मीही हसले, भाऊ स्वतःच कितीदा सांगायचा. आजवर कुणी त्याला हरवणारा म्हटलं नव्हतं. हसणं आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पोरांना कुणीतरी शिकवायला नको का? सगळं आजीनेच टपालाने धाडायचं?

तू मागितलीस तशी गोष्ट लिहिली आहे:

मामा रोज पहाटे उठतो. स्नान करून देवाला नमस्कार करतो. मामा वेळेवर कामावर जातो. मामाला कोणतंही व्यसन नाही. मामा पगार आणून आईच्या हातात देतो. शेजारीपाजारी मामाला चांगला म्हणतात. मामाने गेल्या वर्षी काहीही हरवलेलं नाही.

ही वाच. आणि तिकिटांचं कळव.

तुझी आई


२७ एप्रिल

ती. आईस सा. न.

आई, वाचली. मास्तरने विचारलं, "मग पुढे काय झालं?" म्हटलं, एवढीच आहे. भिंगरी म्हणाली, "हा आपला मामा नाही. हा दुसराच कुणीतरी आहे." आणि तुला राग येईल, पण हे म्हणाले, "ही गोष्ट आहे की स्थळाचा कागद?"

मग मी म्हटलं, आपणच सांगू. तो माझा भाऊ आहे, एका घरात वाढलो आम्ही. दिवा मालवला, पोरांच्या मध्ये पडले, आणि तोंड उघडलं तर डबा आणि चपला यांच्या पलीकडे काही येईना. मला त्याचं चुकलेलं सगळं पाठ आहे, आई. बाकी काहीच नाही. तो बस चालवतो म्हणून सांगितलं, तर दोघं उठून बसली. "मामा बस चालवतो? रस्ता चुकणारा मामा?" त्यांना हे माहीतच नव्हतं. तू गोष्टीत कधी लिहिलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही. आता भिंगरीला नवीन भीती, त्या बसमधल्या माणसांचं काय होत असेल.

मी भाऊला वेगळं पत्र लिहिलं होतं, उत्तर नाही. तो बोलतो का घरात?

इकडे ह्यांनी पोरांच्या सुट्टीतल्या शिबिराचा कागद आणून ठेवला आहे. तळ्याकाठी तंबू, पोहणं, होड्या. मेअखेर पैसे भरायचे. म्हणतात, "तुझं ठरत नसेल तर निदान पोरं घरात कुजायला नकोत." मी भांडते, पण माझ्या बाजूला सांगायला काय आहे? काहीतरी कर, आई. मला इथून काही करता येत नाही.

तुझी ताई


।। श्री ।।
९ मे

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

भाऊ बोलतो. "मीठ दे", "दार लाव", "येतो". एवढंच. काल कळलं की त्याने रजेचा अर्ज मागे घेतला आहे. तेही मला वाण्याच्या दुकानात, त्याच्याबरोबरच्या ड्रायव्हरच्या बायकोकडून. घरी आल्यावर विचारलं.

"मला सांगायचं नाहीस का?"

"पोरं घाबरतात. त्यांना घाबरवायला एवढ्या लांब कशाला जाऊ? ताईला सांग, दुसरं कुणी बघ."

"अरे, कौतुकानेच सांगितलं मी सगळं. तुझ्या आजीची शिकवण तुला माहीत आहे. जित्या माणसाचं चांगलं उघड्यावर ठेवू नये, दुधासारखं नासतं. दृष्ट लागते. म्हणून चुका सांगायच्या आणि गुण झाकायचे. दादा होते तोवर त्यांच्याही फजित्याच सांगत होते की मी."

"हो," तो म्हणाला, "आणि ते गेल्यावर चांगलं सांगायला लागलीस. माझ्या बाबतीतही तेवढी वाट बघणार का?"

मी त्याला खूप बोलले. असलं अभद्र तोंडातून काढतात का, म्हणाले. तो जेवून उठला. मला मात्र जपाला बसल्यावर माळ कुठवर आली ते कळेना.

(पत्र टाकायचं राहिलं. पुढे लिहिते.)

११ मे

आज मी त्याला न सांगता कारखान्यात गेले. बाटल्यांचा कारखाना, गावाबाहेर, एवढ्या वर्षांत मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. साहेबांना म्हटलं, माझ्या मुलाची रजा होती तशी ठेवा. साहेब चांगला माणूस, मला खुर्ची दिली. म्हणाला, "आई, अर्ज अजून माझ्या खणात आहे, फाडलेला नाही. पण मागे त्याने घेतलाय, पुढेही त्यानेच द्यायला हवा. तुमच्या सांगण्यावरून दिली तर उद्या सगळ्यांच्या आया येतील." हात हलवत बाहेर आले. परतीची गाडी निघून गेलेली. दिवसपाळी (भाऊला आता तीच आहे) सुटली होती, त्याची बस फाटकाशी उभी. करणार काय, चढले.

त्याने मला पाहिलं. आता ही गोष्ट म्हणून पोरांना वाच, मी वेगळी लिहीत नाही.

मामा म्हणाला, "ही कंपनीची गाडी आहे. पास लागतो. साहेबांना विचारलंस का?" पोटच्या आईला पास विचारला. सगळी बस बघायला लागली. एक बाई म्हणाली, "बसा हो आजी इथे, माझा पास दोघींना पुरेल, मी जाडच आहे." मी मागच्या बाकावर तिच्याजवळ बसले. खिडकीशी एक पोरगी होती, कामावर नवीन, डोक्यावरून ओढणी घेऊन गाढ झोपलेली.

बस निघाली. अंधार पडू लागला होता. पहिल्या थांब्यावर एक बाई उतरली. मला वाटलं आता निघेल, पण बस निघेना. समोरचे दिवे तिच्या वाटेवर सोडून मामा तसाच बसून राहिला. ती चालत गेली, कुलूप काढलं, आत दिवा लागला, मग गाडी हलली. प्रत्येक थांब्यावर हेच. मागून एक जण ओरडला, "भाऊ, तिची भाजी शिजेपर्यंत थांबायचं आहे का?" दुसरा म्हणाला, "थांबू दे रे, चव बघूनच निघेल तो." मामा दाराकडेच बघत राहिला. हे रोजचंच असावं.

दोन-तीन थांबे गेल्यावर मामाने आरशात पाहिलं आणि विचारलं, "ती नवी कुठे उतरली?" कुणाला माहीत नाही. मग माझ्या शेजारची बाई म्हणाली, "अगं बया, ही काय इथे झोपलीय." पोरीचा थांबा कधीच मागे गेला होता. लोक म्हणाले, जाऊ दे, उठवा, इथून चालत जाईल, तरणी आहे. मामाने त्या अरुंद रस्त्यावर बस वळवायला घेतली. पुढे, मागे, पुढे, मागे. एका कुंपणाला घासली. लोक चिडले. एक जण म्हणाला, "आमची पोरं जेवायची थांबलीत." मामा म्हणाला, "दोन घास उशिरा जेवतील." बस पार मागे नेली, पोरीच्या दाराशी उभी केली, दिवा लागेपर्यंत थांबला. मग बाकीच्यांना सोडलं. सगळ्यांनी उतरताना त्याला बोल लावले. त्याने सगळ्यांच्या दारात दिवा लागेपर्यंत वाट पाहिली, बोल लावणाऱ्यांच्याही.

घरी आल्यावर मी म्हटलं, "रोज असं करतोस?"

"झोप लागते माणसाला."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू दळण आणलं का विचारतेस, तेवढं मी सांगतो."

संपली गोष्ट. यात हसण्यासारखं एवढंच, की त्याने मला पास विचारला. सासूबाईंचा नियम मी मोडला आहे, त्याचं काय ते मी आणि देव बघून घेऊ. तू वाच. आणि मध्ये समजावत बसू नकोस.

तुझी आई


२५ मे

ती. आईस सा. न.

पत्र काल मिळालं, कालच वाचलं. आमच्याकडे कुणी हसलं नाही. पासाच्या जागी मास्तर म्हणाला, "बरोबर आहे, नियम आहे." मग त्याने कागद घेतला आणि स्वतः तुला प्रश्न लिहिला. मी सांगितलेलं नाही. सोबत आहे, चुका काढू नकोस.

 आज सकाळी केस विंचरताना भिंगरी म्हणाली, "त्या आरशात मागचे सगळे दिसतात?"

"दिसतात."

"मग मी जाते. पण बस मामाने चालवायची."

आता आली पंचाईत. तिला सांगितलं, विमानतळावरून तुमच्या गावची बस वेगळी असते, तिचा ड्रायव्हर दुसरा. "मग मामा काय करणार?" म्हटलं, तुझ्याशेजारी बसणार. तिने बराच विचार केला. "मग मामाने झोपायचं नाही. सांग त्याला." हे मी तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते आहे, जास्तकमी नाही.

पण आई, एक वाईट आहे. मास्तरच्या शिबिराचे पैसे (भिंगरी लहान म्हणून तिला तिथे घेत नाहीत) ह्यांनी गेल्या आठवड्यातच भरून टाकले, मला न विचारता. परत मिळत नाहीत. मी चार दिवस ह्यांच्याशी बोलले नाही, अजूनही नीट बोलत नाही. मास्तर या वर्षी येऊ शकत नाही. एकटी भिंगरी येईल. परिचारिकेला मी हो सांगितलं आहे, माझ्या जबाबदारीवर. भाऊ जाणार का? माझ्या दोन पत्रांना त्याने उत्तर दिलेलं नाही. तो नाही म्हणाला तर भिंगरीला कोणत्या तोंडाने सांगू?

तुझी ताई


।। श्री ।।
७ जून

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, सोबत मास्तरचा कागद. तिकिटं बरोबर. मास्तर येत नाही हे वाचून मी जेवले नाही, आणि जावईबापूंना आशीर्वाद या खेपेला लिहीत नाही, पुढच्या पत्रात लिहीन. दोन अंथरुणं काढली होती, एक परत पेटीत ठेवलं. होड्या काय, पुढच्या वर्षीही तरंगतील. आजी तरंगेल की नाही हे कुणी विचारलं का?

मास्तरला सांग, तुझा प्रश्न चांगला आहे. त्या पोरीला मामाने उठवलं नाही. गाडी दाराशी गेल्यावर माझ्या शेजारच्या बाईने तिला हलवलं. ती उठून म्हणाली, "आला का माझा थांबा?" आणि सगळी बस एका आवाजात म्हणाली, "दुसऱ्यांदा." हे मी मागे लिहायला विसरले होते.

आता भाऊचं. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. चष्मा होता, मीच वाचलं. तो जेवत होता. भिंगरीची अट वाचली तेव्हा त्याने वर पाहिलं नाही. "झोपायचं नाही म्हणे?" एवढंच म्हणाला. "हो." मग ताक मागितलं. मग दोन दिवस गेले. मी विचारलं, अर्ज देतोस का? तो बूट पुसत बसला. पुन्हा विचारलं तर डाफरला, "आई, तू आता याचीपण गोष्ट करू नकोस." मी म्हटलं, करणार नाही. तरी करतेच आहे. तुला नाही सांगितलं तर कुणाला सांगू?

मी हे पत्र रागाने लिहायला घेतलं होतं. वरचं सगळं आज सकाळी लिहिलं आणि शेवटी लिहिणार होते, की तो काही तयार होत नाही, तू परिचारिकेला नाही कळव, देवाची इच्छा. तेवढ्यात तो कामावर निघाला. बूट घातले, दार उघडलं, आणि पाठमोराच उभा राहिला.

"तिला गाडी लागते का?"

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? भिंगरीला."

"मला काय माहीत? मी तिला कधी गाडीत बसलेली पाहिलीय का?"

"मग ताईला विचार. लागत असेल तर पुढची खिडकीची जागा घ्यावी लागेल. ती आधी मागावी लागते." आणि गेला.

तेव्हा दुसरं काही लिहीत बसू नकोस. पोरीला गाडी लागते का, एवढं उलट टपाली कळव.

तुझी आई